देखरेखीच्या पडद्यांवरही देखरेख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बँका, साखर कारखाने, टॉवेल-चादरीचे निर्यातदार आणि मोठ्या व्यापारी पेढ्या यांच्या कार्यालयांत भिंतीवर मोठा पडदा लावून चालू व्यवहारांचे आकडे दाखवण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. त्यामागे काम करणाऱ्या संगणक प्रणालीला बिझनेस ॲक्टिव्हिटी मॉनिटरिंग, म्हणजे व्यवहारांवरील तात्काळ देखरेख, असे म्हणतात. अशा प्रणाली चालवणे आणि सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने त्यांचे स्वागत करावे असेच मला वाटते. परंतु प्रणाली विकत घेताना जेवढा उत्साह दिसतो, त्याच्या एक दशांशही विचार ती रोज कोण सांभाळणार याविषयी होत नाही. संस्थाचालकांचे लक्ष आपल्या दैनिकाद्वारे या एका मुद्द्याकडे वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही कल्पना नवी नाही. गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी या शतकाच्या आरंभी तिला हे नाव दिले आणि त्यानंतर ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट, टिबको अशा कंपन्यांनी आपापली उत्पादने आणली. एरवी संस्थेला दिवसभराचा हिशेब संध्याकाळी ‘डे-एंड’ झाल्यावर कळतो आणि महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्यात. या प्रणालीत मात्र काट्यावर गाडीचे वजन झाले, खात्यातून पैसे वळते झाले, गोदामाच्या फाटकातून माल बाहेर पडला, की त्याच क्षणी त्याची एक नोंद मूळ प्रणालीतून निघून देखरेखीच्या सर्व्हरकडे जाते. तेथे ती ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहिली जाते, पडद्यावरील आकडा बदलतो आणि नियम मोडला असेल तर संबंधित माणसाच्या मोबाइलवर इशारा जातो. नोंदी, नियम, पडदा आणि इशारा या चार कड्यांपैकी एक जरी निखळली तरी पडदा चालूच राहतो, आणि खरी अडचण येथेच आहे. यंत्रमाग बंद पडला की त्याचा खडखडाट थांबतो आणि दुरूनही ते कळते, पण देखरेखीची प्रणाली बंद पडल्याचे कळायला कोणतीही खूण आपसूक मिळत नाही.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही, पेमेंट विभागाच्या भिंतीवर असा पडदा होता. त्यावर यशस्वी व्यवहार, अडकलेले व्यवहार आणि एटीएममधील शिल्लक रोकड असे तीन चौकोन होते व तिन्ही हिरवे होते. मी दुपारी चारच्या सुमारास तेथे पोहोचलो, तेव्हा उजव्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांत शेवटच्या नोंदीची वेळ ११ वाजून ४२ मिनिटे अशी दिसत होती. नोंदी वाहून आणणारी सेवा सकाळीच थांबली होती आणि पडदा शेवटचे आकडे धरून बसला होता. समोर बसलेले कर्मचारी आपापल्या कामात चोख होते, त्यांना मी दोष देत नाही. हिरवा चौकोन दिसत असताना त्याच्या कोपऱ्यातील वेळ तपासणे हे काम त्यांच्यापैकी कोणालाही नेमून दिलेले नव्हते. पडदा बसवणाऱ्या कंपनीच्या वार्षिक देखभाल करारात सर्व्हर चालू ठेवण्याची जबाबदारी होती, आणि सर्व्हर तर चालूच होता.

बँकेच्या बाबतीत या चार तासांची किंमत ग्राहकाला मोजावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. एटीएममधून नोटा न निघता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत मिळायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे ग्राहकाने तक्रार केली नसली तरी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, म्हणजे शाखा बंद झाली तरी पैशांची ये-जा बंद होत नाही. रात्री दोन वाजता अडकलेला व्यवहार सकाळी दहाला शाखा उघडण्यापूर्वी कोणाच्या तरी नजरेस पडायचा असेल, तर ती नजर या प्रणालीचीच असणार. ती मिटलेली आहे की उघडी, हे सांगणारा माणूस मात्र बहुतेक संस्थांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. दर मिनिटाला मूळ प्रणालीतून एक चाचणी नोंद मुद्दाम पाठवावी आणि ती ठरलेल्या वेळेत पडद्यापर्यंत पोहोचली नाही, तर सगळे चौकोन राखाडी करून टाकावेत. हिरवा रंग ‘सर्व ठीक’ यासाठी आणि राखाडी ‘मला काही माहीत नाही’ यासाठी, हा भेद पडद्यावर असलाच पाहिजे. शेवटच्या नोंदीची वेळ कोपऱ्यात बारीक नव्हे, तर मधोमध मोठ्या अक्षरांत असावी. एवढे करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. हाती आहे त्याच प्रणालीत जाणकार माणूस दिवसभरात ते करू शकतो.

साखर कारखान्याचे उदाहरण अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या जिल्ह्याचे अर्धे अर्थकारण उसाभोवती फिरते आणि तेथे वेळ म्हणजे अक्षरशः वजन आहे. तुटलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, तोही उतरतो. म्हणून तोडणीची वेळ, यार्डात गाडी लागल्याची वेळ, भरलेल्या गाडीचे वजन, गाळपासाठी गव्हाणीत ऊस पडल्याची वेळ आणि रिकाम्या गाडीचे वजन या पाच नोंदी जोडल्या, की प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाडी किती तास ताटकळली हे कळते. यार्डातील गाड्या ठरावीक संख्येच्या वर गेल्या, तर गट कार्यालयाला वेळीच इशारा जातो, चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारे कारखान्याचे कर्मचारी, त्या चिठ्ठ्या आवरत्या घेतात आणि रानात तुटून पडलेला ऊस वाढत नाही. नीट चालली तर शेतकरी, ऊसतोडणी टोळी, वाहनमालक आणि कारखाना या चौघांचाही फायदा करणारी अशी व्यवस्था दुसरी नाही.

पण ती नीट चालण्यासाठी काय करावे लागते ते पाहा. रिकाम्या गाडीच्या काट्यावरील संगणकाचे नेटवर्क अर्धा तास तुटले, तर त्या काळात वजन करून बाहेर पडलेल्या गाड्यांची शेवटची नोंद येत नाही. कागदोपत्री त्या गाड्या यार्डातच उभ्या राहतात. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्या खेपेचा ऊस घेऊन परत आली, तरी पडद्यावर तिची पहिली खेप संपलेली नसते. अशा पन्नास-साठ ‘भुताच्या गाड्या’ साठल्या, की थांबण्याची सरासरी वेळ फुगते, इशारे विनाकारण सुटतात आणि शेती विभाग चिठ्ठ्या थांबवतो. गव्हाण मात्र रिकामी पडायला लागते. उलट, नेटवर्क पूर्ववत झाले की अडलेल्या नोंदी एकदम लोंढ्याने येतात आणि अर्ध्या तासापूर्वीच्या परिस्थितीचे इशारे आताच्या वेळेला मोबाइलवर येऊन आदळतात. त्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या खेपा शोधून त्या ताळ्यावर आणणे, नोंद प्रत्यक्षात केव्हा घडली आणि सर्व्हरवर केव्हा पोहोचली या दोन्ही वेळा वेगळ्या जपणे, आणि ठरावीक काळाहून शिळा इशारा बाहेर जाऊ न देणे ही कामे हंगामात दर पाळीला करावी लागतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही. काट्यावर उभे राहून आणि चिटबॉयशी बोलूनच ते येते.

याच नोंदींना कायद्याचीही किनार आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागू होते. ज्या कारखान्यात वजनाची नोंद झाल्या क्षणी ही १४ दिवसांची मोजणी सुरू होऊन दहाव्या दिवशी लेखा विभागाला इशारा जाईल, तेथे निदान ‘कोणाचे किती दिवस झाले ते पाहावे लागेल’ हे उत्तर तरी शेतकऱ्याला ऐकावे लागणार नाही. ही सोय तांत्रिकदृष्ट्या अगदी साधी आहे. तरीही पडद्यावर गाळपाचे टन आणि साखरेची पोती आधी येतात आणि ही मोजणी क्वचितच येते, याची मला खंत वाटते.

आता इशाऱ्यांविषयी. इशारे जितके जास्त तितकी देखरेख चांगली, हा आपल्याकडील सर्वांत महागात पडणारा समज आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत तेथील नियंत्रण कक्षातील दोन चालकांसमोर २७५ इशारे येऊन पडले होते. एवढ्या गोंगाटात महत्त्वाचे काय ते ओळखणे मनुष्याला शक्यच नव्हते. पुढे ब्रिटनमधील ईईएमयूए या, अभियांत्रिकी उपकरणे वापरणाऱ्या उद्योगांच्या संस्थेने आपल्या १९१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण परिस्थितीत एका चालकाकडे दहा मिनिटांत सरासरी एकाहून अधिक इशारा येऊ नये, असे मानक सुचवले. त्या उद्योगात हे सूत्र प्रमाण मानले जाते. व्यापारी संस्थांनीही ते घ्यायला हरकत नाही.

व्यापारातील उदाहरण तर याहून बोलके आहे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवे सॉफ्टवेअर सुरू केले, पण आठपैकी एका सर्व्हरवर जुनाच कोड राहून गेला. बाजार उघडण्यापूर्वी, सकाळी आठच्या सुमारापासून, तिच्याच यंत्रणेने त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले. हे ई-मेल इशारा म्हणून योजलेले नसल्याने ते नेमाने पाहायची पद्धत नव्हती आणि कोणी पाहिलेही नाहीत. साडेनऊला बाजार उघडला आणि पुढच्या सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. यंत्राने सांगितले नव्हते असे नाही. ते कोणी ऐकायचे आणि ऐकल्यावर कोणी काय करायचे, हे ठरलेले नव्हते.

अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅच विभागात मी याचेच छोटे रूप पाहिले. सगळे इशारे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जात होते आणि ग्रुपमध्ये मालकांपासून फाटकावरील वॉचमनपर्यंत सगळे होते. सूत कमी झाले, डाइंगचे तापमान घसरले, जनरेटर सुरू झाला, संदेश पोहोचला, संदेश मिळाला, असे सारे त्यात येई. डिस्पॅच पाहणाऱ्या कारकुनाने तो ग्रुप म्यूट करून ठेवला होता. त्याने तो मला दाखवला तेव्हा वर कित्येक न वाचलेले संदेश साठले होते आणि त्यातच, उत्तरेकडे माल घेऊन निघालेल्या एका ट्रकच्या ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याची, मुदत संपत आल्याचा संदेशही होता. साधारण मालासाठी ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि मुदत वाढवून घ्यायची असेल, तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच तसे करता येते. गाडी वाटेत बंद पडली तर हा एक संदेश इतर शंभरांपेक्षा मोलाचा ठरतो. तो त्या कारकुनाला, फक्त त्यालाच, आणि त्याने अर्ध्या तासात दखल घेतली नाही तर त्याच्या साहेबांना जायला हवा. शिवाय तो इंग्रजी संकेतांकांत नव्हे, तर ‘अमुक क्रमांकाच्या गाडीचे ई-वे बिल आज रात्री १२ वाजता संपते, मुदत वाढवावी’ असा सरळ लिहिलेला हवा. ज्या इशाऱ्यावर महिनाभरात कोणी एकदाही काही केले नाही, तो एकतर चुकीचा आहे किंवा चुकीच्या माणसाकडे जातो आहे. अशा इशाऱ्यांची यादी दर महिन्याला काढून त्यांचा निकाल लावणे हे प्रणाली सांभाळणाऱ्या प्रशासकाचे पहिले काम असावे.

नियमांच्या मर्यादाही एकदा ठरवून विसरून जाण्याच्या नसतात. मोठ्या शहरातील कंपनी प्रणाली बसवताना वर्षाची सरासरी काढून मर्यादा घालून देते, पण सोलापूर जिल्ह्याचे वर्ष सरासरीने चालत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरातील एटीएमवर पडणारा भार, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावरील, म्हणजे जत्रेतील, उलाढाल, डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत कांद्याच्या आवकेला येणारा पूर आणि हंगाम सुरू झाल्यावर उसाच्या बिलांपोटी एकाच दिवशी हजारो खात्यांत जमा होणाऱ्या रकमा, हे सारे त्या सरासरीच्या दृष्टीने संशयास्पदच ठरते. मग त्या दिवसांत इशाऱ्यांचा पाऊस पडतो, कर्मचारी वैतागून ते बंद करतात आणि गर्दीचा फायदा घेऊन होणारा खरा गैरव्यवहार नजरेतून निसटण्याची शक्यता नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते. स्थानिक दिनदर्शिका हाती घेऊन मर्यादा आधीच बदलणारा आणि कोणती मर्यादा कोणी, केव्हा, कोणाच्या संमतीने बदलली याची नोंद ठेवणारा माणूस येथलाच हवा.

घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तीत अनेक चुकांचे मूळ असते. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हा फरक नीट हाताळला नाही, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या तारखेवर पडते. रातपाळीचे उत्पादन दोन तुकड्यांत विभागले जाते, पाळीच्या आकड्यांवरून कामगार व सुपरवायझर यांच्यात वाद होतात आणि खरे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. काट्यावरील संगणकाचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल, तर गाडी आत येण्यापूर्वीच बाहेर गेल्याचे दिसते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे, लॉग, म्हणजे संगणकांतील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस देशातच जपणे आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक केले आहे. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, याची अनेक कारखानदारांना कल्पनाच नसते.

साठवणूक आणि अधिकार यांविषयी थोडक्यात एवढेच. जिवंत पडद्यासाठी काही दिवसांच्या नोंदी पुरतात. बाकीच्या वेळेवर वेगळ्या साठ्यात हलवल्या नाहीत, तर डिस्क भरते आणि सर्व्हर बसतो, तोही बहुधा कामाच्या ऐन दिवशी. प्रणाली बसवून गेलेल्या कंपनीचे लॉगिन करार संपताच बंद झाले पाहिजे आणि एकच ॲडमिन पासवर्ड चौघांत फिरता कामा नये. कोणत्या कामगाराच्या यंत्रमागावर किती उत्पादन झाले हे नावानिशी सगळ्यांसमोर भिंतीवर झळकवणेही योग्य नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी त्यात माणसाच्या मानाचा प्रश्न होताच.

छोट्या संस्थेला यासाठी पूर्णवेळ माणूस परवडत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात चार-पाच संस्थांनी मिळून एक प्रणाली प्रशासक आणि त्याच्या रजेसाठी एक पर्यायी माणूस नेमणे मुळीच अशक्य नाही. प्रत्येक संस्थेच्या आकड्यांची गोपनीयता राखून नोंदी येत आहेत की नाहीत, घड्याळे जुळली आहेत की नाहीत, इशाऱ्यांना उत्तर मिळते की नाही हे तो रोज पाहू शकतो. मनुष्यबळही येथेच आहे. वालचंद तंत्रशास्त्र संस्था आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून संगणक शिकून बाहेर पडणारी मुले पुणे-हैदराबादची गाडी धरतात, कारण येथे त्यांच्यासाठी असे पदच निर्माण केलेले नाही. साखर, वस्त्रोद्योग आणि सहकारी बँका यांचे प्रत्यक्ष काम दाखवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाने सुरू केला, तर त्याचा उपयोग इतर जिल्ह्यांनाही होईल.

येत्या गळीत हंगामासाठी बॉयलर पेटवण्यापूर्वी कारखान्यांनी, आणि पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीपूर्वी बँकांनी, एक चाचणी घ्यावी अशी माझी विनंती आहे. कोणालाही आगाऊ न सांगता, प्रत्यक्ष व्यवहाराला धक्का लागणार नाही अशा वेळी, काट्यापासून किंवा पेमेंट प्रणालीपासून देखरेखीच्या सर्व्हरकडे जाणारी नोंदींची वाट बंद करावी आणि घड्याळ लावून बसावे. पहिला फोन किती वेळाने आला, तो कोणी केला आणि त्यानंतर कोणी काय केले, हे कागदावर उतरवून तो कागद इतिवृत्ताला जोडावा.

आपला विश्वासू,
एक प्रणाली प्रशासक,
सोलापूर